उंबरठ्यावरची माफी

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं की आमच्या बायकांच्या स्वाध्यायात एक प्रसंग दरवर्षी ठरलेला असतो. चौरंगावर शास्त्र उघडलेलं असतं आणि वाचायला पुढं कोण बसणार हे ठरत नसतं. "मला नको बाई, माझे उच्चार चुकतात, उगाच अविनय व्हायचा." "तिला द्या, ती कॉलेजात गेलीय." "तुम्ही वाचा, मी ऐकते." चौरंग या टोकाकडून त्या टोकाकडं सरकत राहतो. माझंही कारण ठरलेलं : चष्मा घरी राहिला. शेवटी कुणातरी पुरुषमाणसाला हाक जाते आणि आम्ही सगळ्या सुटलो म्हणून पदर सावरून ऐकायला बसतो.

गंमत अशी की, उच्चार चुकतात म्हणणारी ही बाई भक्तामराचे ४८ श्लोक पुस्तकात न बघता म्हणते. दुसरी, नवरा माल आणायला गेला की दुकान एकटी सांभाळते. ठोक व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि हमालाशी उर्दूत बोलते. तिसरी वीस जणींची भिशी कित्येक वर्षं चालवते, त्यात एक रुपया इकडचा तिकडं झालेला नाही. मग शास्त्रापुढं बसायची वेळ आली की या बायांना होतं तरी काय?

याचं तयार उत्तर आजकाल कुठंही मिळतं. महिला दिनाला पाहुण्या येतात, माईक हातात घेतात आणि सांगतात, "स्वतःवर विश्वास ठेवा, मग बघा." टाळ्या पडतात, हळदीकुंकू होतं, आपण घरी येतो आणि कुकर लावतो. त्या भाषणांचा मला राग नाही, पण ती अपुरी वाटतात. विश्वास म्हणजे काय डब्यातली साखर आहे, झाकण काढलं आणि चमचाभर घातली? आणि नाही जमलं तर दोष पुन्हा बाईकडंच. आधी तिला बोलता येत नव्हतं, आता तिला विश्वास ठेवताही येत नाही!

म्हणून यंदाच्या पावसाळ्यात मी भाषणं बाजूला ठेवली आणि तीन जुनी पुस्तकं काढून बसले. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना', रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. बी.ए.ला असताना ती परीक्षेपुरती वाचली होती. पन्नाशी उलटल्यावर वाचताना एक गोष्ट नव्यानं दिसली. तिघींच्याही वाटेत "मला कुठं येतंय" हे वाक्य आहे. ते वाक्य घेऊन त्या पुढं कशा गेल्या, आणि कुठं अडल्या, एवढंच मला इथं सांगायचंय.

ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचं पुस्तक १८८२ सालचं. आदल्या साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला तान्हं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढं ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या जातीवर चिखलफेक झाली. त्या चिखलफेकीला हे उत्तर आहे. बायकांच्या माथी जे जे दुर्गुण मारले जातात, ते एकेक करून ताराबाई उचलतात आणि पुरुषांच्या अंगाला लावून बघतात. देव, राजे, नवरे, सुधारक, कुणाचीच भीड नाही. असलं धारदार मराठी त्या काळात फार थोड्या पुरुषांना साधलं असेल.

पण पुस्तकाच्या दारात काय आहे? प्रस्तावनेत हीच बाई म्हणते की हा माझा पहिलाच प्रयत्न, माझी बुद्धी मंद, मराठ्यांच्या रीतीप्रमाणं मी घरात कोंडलेली, तेव्हा चुका असायच्याच. आमच्या "मला नको बाई"ची ही थोरली बहीणच. जाणकार म्हणतील, ही ग्रंथारंभीची विनयाची रीत आहे. असेल. आपले जुने कवीही आरंभी स्वतःला अल्पमती म्हणवून घेतात. पण ते कारण सांगत बसत नाहीत. ताराबाई सांगतात. मला येत नाही, कारण मला कोंडून ठेवलं होतं. माफी मागतामागता त्यांनी तक्रारही नोंदवून टाकली. "मला येत नाही" याच्यापुढं "कारण मला शिकू दिलं नाही" एवढं जोडलं की वाक्याचा रोख कसा फिरतो, ते बघा. पहिल्या अर्ध्यात बाई खाली मान घालून उभी आहे, दुसऱ्या अर्ध्यात ती समोरच्याला जाब विचारतेय.

या पुस्तकाचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. भाषणांत ते कुणी सांगत नाही. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. हे एकही लोक विसरले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा ते परत सापडल्यासारखं झालं. ताराबाईंना आत्मविश्वास कमी नव्हता. ऐकणारे कमी पडले. बाईनं तोंड उघडायचं धाडस केलं म्हणजे सगळं झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही मधली ९३ वर्षं मोजावीत.

रमाबाईंची गोष्ट याच्या उलट वाटते. त्यांच्या घरात ऐकणारा होता. १८७३ साली अकरा वर्षांची मुलगी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आली आणि नवऱ्यानं तिला अक्षरापासून शिकवायला सुरुवात केली. हे आपण सगळ्या शाळेत शिकलो. शाळेत कमी सांगतात ते असं की, तिचं शिकणं सगळ्यात जास्त खुपलं ते घरातल्या मोठ्या बायकांना. रमाबाईंनी ते टोमणे, ते अबोले, ते एकटीचं रडणं शांतपणे लिहून ठेवलंय. मुलींच्या हायस्कूलसाठी पुण्यात हालचाल चालली होती, तेव्हा त्यांनी गव्हर्नरांपुढं इंग्रजीतून निवेदन वाचलं. सभेत कौतुक झालं, घरी आल्यावर बोलणी बसली. वाचताना मला सभेपेक्षा ते स्वयंपाकघर जास्त ओळखीचं वाटलं.

या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. रमाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्या काळी कुणीच घेत नसे. त्याऐवजी त्या लिहितात 'स्वतः'. 'स्वतः' आले, 'स्वतः' म्हणाले. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, त्याचं नावसुद्धा 'हिमसेल्फ' असं ठेवलं. एका बाईच्या आठवणींत 'स्वतः' हा शब्द शेकड्यानं येतो आणि तो तिचा नसतो! मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. आत्मविश्वासातला 'आत्म' कुणाचा, असा प्रश्न त्या एका शब्दानं उभा केला. नाशिकला त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं, तेही रानड्यांनीच लिहून दिलेलं होतं. आणि १९०१ साली रानडे गेले, तिथं आठवणी थांबतात.

खऱ्या रमाबाई त्यानंतर सुरू होतात. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं. मोठ्या वयाच्या बायकांचं शिक्षण, परिचारिकांचं शिक्षण, हे सगळं त्यांनी १९२४ पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत चालवलं. यातलं काहीही त्या पुस्तकात नाही. आपल्या आयुष्यातलं सांगण्यासारखं ते नवऱ्याचं, असं त्यांना वाटलं असावं. पुस्तक म्हणून ही उणीवच आहे, आणि प्रेमानं वाचलं तरी ती उणीव म्हणायला हवी. पण एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. पहिलं भाषण दुसऱ्यानं लिहून दिलेलं असलं तरी बिघडत नाही. उभं राहायचं, वाचायचं, घरी येऊन बोलणी खायची आणि परत उभं राहायचं. रमाबाईंचा विश्वास असा वर्षानुवर्षं साठत गेला. भीती गेल्यावर त्या बोलायला लागल्या नाहीत. बोलता बोलता त्यांची भीती मागं पडली.

लक्ष्मीबाईंकडं आलं की खिडकी उघडल्यासारखं होतं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीनं शाळा अशी पाहिली नव्हती. वडिलांना सोवळ्याचं वेड. नवरा मोठा कवी, पण कधी कुठं निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि सुमारे पाच वर्षं ही बाई लहान मुलाला घेऊन नवऱ्याविना राहिली. लोकांनी कीव केली, सल्ले दिले. पुढं ती आपल्या पायानं नवऱ्याकडं गेली. जातिभेद आपल्या मनातून कसा गेला, हे तिनं जसं लिहिलंय तसं मी दुसरीकडं वाचलेलं नाही. कुणी उपदेश केला म्हणून तो गेला नाही. तिनं स्वतःशी विचार केला आणि तिला पटलं. आमचा धर्म वेगळा, तिनं घेतलेला वेगळा. पण स्वतःच्या डोक्यानं विचार करणारी बाई कुठल्याही धर्मातल्या बाईला ओळखू येते.

'स्मृतिचित्रे'चा जन्मही सांगण्यासारखा आहे. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यानं आईला आठवणी लिहायला सांगितल्या. मागितला होता नवरा, आणि कागदावर उतरली ती स्वतः. इथं 'स्वतः' हा शब्द तिचाच! पुस्तकाचे भाग १९३४ पासून निघाले आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना झाली. त्याआधी १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. उरलेले साठाहून जास्त अध्याय या शाळा न पाहिलेल्या बाईनं पुरे केले.

लक्ष्मीबाईही स्वतःला कमी लेखतात, पण त्यांचा सूर वेगळा आहे. त्या माफी मागत नाहीत, त्या हसतात. आपला अडाणीपणा, फजिती, भोळेपणा त्या वाचकापुढं ठेवतात आणि वाचकाच्या आधी स्वतः हसतात. माफी मागणारी बाई समोरच्याच्या निकालाची वाट बघत उभी राहते. हसणाऱ्या बाईनं निकाल स्वतःच दिलेला असतो. म्हणून तिघींत मला लक्ष्मीबाई सगळ्यात निर्धास्त वाटल्या, धारेत ताराबाई त्यांच्या पुढं असल्या तरी.

आणखी एक, खास आम्हा सीमेवरच्या बायकांसाठी. लक्ष्मीबाई बोलल्यासारखं लिहितात. आमचं संतपूर औराद तालुक्यातलं. १९५६ साली बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. घरात मराठी, पाटीवर कन्नड, बाजारात उर्दू मिसळलेली. आमच्या मराठीला इकडचे लोक हसत नाहीत, पण महाराष्ट्रात गेलं की "तुमचं मराठी वेगळंच आहे हो" असं ऐकू येतं. एका कार्यक्रमात माझ्या तोंडून "काय करायलाव" असं निघून गेलं आणि पुढच्या रांगेत खसखस पिकली. त्यानंतर दोन वर्षं मी व्यासपीठावर गेले नाही. आता वाटतं, दोन वर्षं फुकट घालवली. 'स्मृतिचित्रे' आधीच नीट वाचलं असतं तर मीही त्या खसखशीत हसले असते आणि पुढचं वाक्य बोलले असते.

तर, तिघींच्या पुस्तकांतून मला दिसलं ते असं : स्वतःबद्दलची शंका बाई जन्मताना घेऊन येत नाही. ती तिला दिली जाते, आणि देणारे हात बऱ्याचदा बांगड्यांचे असतात. आपली भाषाच बघा. मुलगा धिटाईनं बोलला तर तो 'चुणचुणीत', मुलगी बोलली तर 'आगाऊ'. पुरुष पुढाकार घेतो, बाई 'पुढंपुढं करते'. तो रोखठोक, ती तोंडाळ. हे शब्द आम्ही बायकाच एकमेकींच्या पाठीमागं वापरतो. मीही वापरलेत. सून घरात आली तेव्हा म्हणाली, "आई, दुकानाचं जीएसटीचं मी बघू का?" ती बी.कॉम. झालेली. मी कणीक मळता मळता म्हणाले, "तुला कुठं जमायचंय ते, पोरं सांभाळ." तिनं पुन्हा विचारलं नाही. हे लिहिताना मला रमाबाईंच्या घरातल्या मोठ्या बायका आठवतात. पुस्तक वाचताना त्यांचा राग येत होता, आणि त्यातली एक मी होते.

आपल्या समाजातल्या काही वडीलधाऱ्या बायका म्हणतात, आत्मविश्वास वगैरे ठीक आहे, पण तो वाढत वाढत मान कषाय होतो, त्याचं काय? शंका रास्त आहे. दशलक्षणात दुसराच धर्म उत्तम मार्दव आहे. पण मार्दव म्हणजे ज्याच्याकडं आहे त्यानं ताठून न जाणं. जे येतं ते येत नाही म्हणून सांगणं, हे मार्दव कसं? त्याच दहा धर्मांत उत्तम सत्यही आहे. ४८ श्लोक पाठ असलेली बाई "मला वाचता येत नाही" म्हणते, तेव्हा ती नम्रपणानं का होईना, खोटं बोलते. माझा पर्समधला चष्मा 'घरी राहतो', तेव्हा मीही.

आपल्याच परंपरेत याचा जुना आधार आहे, तोही आमच्या भागाजवळचा. कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाचे गुरू आचार्य जिनसेन. नवव्या शतकातल्या त्यांच्या 'आदिपुराणा'त भगवान ऋषभदेव आपल्या दोन मुलींना मांडीवर बसवून शिकवतात. ब्राह्मीला अक्षरं आणि सुंदरीला अंक. विद्या असलेल्या स्त्रीला स्त्रियांत पहिलं स्थान मिळतं, असंही तिथं सांगितलंय. अक्षर आणि अंक ज्यांच्या हाती आधी पडले, त्यांच्या वारसदार आम्ही. आणि शास्त्रापुढं आम्ही चौरंग सरकवतो, हिशेबापुढं सुनेला गप्प करतो!

जीएसटीचं काम आता सूनच करते. मी परवानगी दिली असं म्हणणार नाही. मुलाला दोनदा दंड भरावा लागला, तेव्हा तिनं विचारायचं सोडून सरळ कागद पुढं ओढले. पहिल्या महिन्यात तिच्याही चुका झाल्या. मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. एवढंच माझं योगदान.

यंदाच्या दशलक्षणात मार्दवाच्या दिवशी चौरंग सरकायला लागला तसा मी तो हातानं धरला आणि भक्तामरवाल्या बाईपुढं ठेवला. ती म्हणाली, "चुकलं तर सांभाळून घ्या बाई." झालीच माफी! पण मग तिनं वाचायला घेतलं. एका ठिकाणी जोडाक्षर अडलं. ती थांबली, ओळ परत धरली, नीट म्हटली आणि पुढं गेली. कुणी मान वर केली नाही, कुणी हसलं नाही. अर्धा तास वाचन झालं. संपल्यावर तिनं पदरानं कपाळ टिपलं आणि म्हणाली, "उद्या तुम्ही."

"अगं, माझा चष्मा," माझ्या तोंडून निघालंच. सगळ्या जणी माझ्या पर्सकडं बघायला लागल्या.